थेंब पडतो तिथे गळती नसते

मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला धक्क्यावरून खाली पाहिलं, की बोटींमधल्या पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग दिसतो. वाटतं, बादलीभर तेल सांडलंय. जरा हिशेब करू. एक थेंब म्हणजे साधारण मिलिलिटरचा विसावा भाग. रंग उमटायला तेलाचा थर ०.३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी तीन भाग जाड असला तरी पुरे. तेव्हा एकटा थेंब हातभर लांब, हातभर रुंद पाणी रंगवतो. आणखी पातळ होऊन नुसती रुपेरी झाक उरली, तर चौरस मीटरलाही पुरून उरतो!

बोटीच्या पोटातल्या डिझेल इंजिनातून हा थेंब नेमका कुठून सुटला, हे शोधणं मात्र अवघड. इंजिनाखाली हात जात नाही. तळाला पाणी साचलेलं, त्यावर पडलेलं तेल आपला पत्ताच पुसून टाकतं. शिवाय पंख्याचा शाफ्ट पाण्यात उतरायचा म्हणून इंजिन बहुधा मागे कललेलं असतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरलेलं तेल ब्लॉकवरून मागे ओघळतं आणि फ्लायव्हीलच्या घराखाली ठिबकतं. आळ येतो क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलवर. ते बदलायचं तर आधी गिअरबॉक्स उतरवा.

हे सील म्हणजे नुसतं बूच नव्हे. रबराची बारीक ओठासारखी कड, तिला शाफ्टवर दाबून धरणारी गोल स्प्रिंग. पण कड शाफ्टला कोरडी टेकली, तर घासून जळेल. म्हणून दोघांमध्ये तेलाचा अतिसूक्ष्म थर राहावाच लागतो. मग ते बाहेर का येत नाही? शाफ्ट फिरताना रबराचा सूक्ष्म खडबडीतपणा अशा रीतीने ओढला जातो, की कड तेल सतत आत ढकलत राहते. चांगलं सील म्हणजे एक चिमुकला पंपच! तेच उलटं बसवलं, तर तेल इमानाने बाहेर फेकतं.

आणि कधी सील निर्दोषच असतं. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याची वाट म्हणजे ब्रीदर. तो चोंदला की आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून निघतं. माझ्या मते पाना उचलण्याआधी ब्रीदर पाहावा. फुकटचं काम आहे.

मग इंजिन धुऊन कोरडं करायचं, संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालवायचं. पहिला काळा ओघळ जिथून सुरू होतो, तिथे वरच्या अंगाला बघायचं. तेलात चमकणारा रंग मिसळला तर काम आणखी सोपं. अंधारात अतिनील टॉर्च फिरवली, की न दिसणारा प्रकाश पिऊन तो रंग पिवळा-हिरवा झळकतो, आणि गळतीचा उगम चक्क उजळतो.

पण एक गळती टॉर्चलाही सापडत नाही. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या ऑइल कूलरची नळी आतून कुजली, तर दाबाखालचं तेल थेट पाण्यात शिरतं आणि एक्झॉस्टमधून बोटीबाहेर जातं. तळ स्वच्छ, डिपस्टिक मात्र रोज खाली. मग कूलर काढायचा, तेलाच्या वाटेचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून बेताने हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं.