पाळणाघरातील सेविकांचे लसीकरण

सांसर्गिक रोगांपासून बालकांचे रक्षण करावयाचे म्हणजे बालकांना लस टोचावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. ज्या प्रौढ व्यक्तींच्या हाती मूल दिवसाचे कित्येक तास असते, त्यांच्या शरीरात त्या रोगांचा प्रतिकार करण्याची शक्ती आहे किंवा नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रथम गोवराचे उदाहरण घेऊ. गर्भावस्थेत आईच्या रक्तातून अर्भकाला गोवराविरुद्धची प्रतिपिंडे मिळतात. जन्मानंतर ती हळूहळू नाहीशी होतात. पण जोवर ती टिकून असतात तोवर लशीचा गुण पुरतेपणी येत नाही. म्हणून भारतात गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. पाळणाघरात मात्र सहा महिन्यांचे मूलही ठेवले जाते. आईकडून लाभलेले संरक्षण ओसरत चालले आहे आणि लशीचे अद्याप लाभलेले नाही, अशा स्थितीत ते मूल परक्या हाती सोपविलेले असते. या काळात त्याच्या भोवतीची माणसे रोगमुक्त असणे हाच त्याचा मुख्य आधार होय.

येथे कोणी म्हणेल की, सेविका आजारी पडल्यास तिने घरी राहावे म्हणजे झाले. परंतु गोवराचा रोगी अंगावर पुरळ उठण्यापूर्वी सुमारे चार दिवसांपासूनच संसर्ग पसरवू लागतो. तेव्हा त्याला केवळ ताप, सर्दी व खोकला असतो. रोग ओळखला जाईपर्यंत तो पसरलेला असतो. डांग्या खोकल्याचे असेच आहे. बालपणी टोचलेल्या लशीचा प्रभाव काही वर्षांनी ओसरतो. प्रौढांना होणारा हा रोग पुष्कळदा लांबलेल्या साध्या खोकल्यासारखाच वाटतो. तान्ह्या मुलाला मात्र तो प्राणघातक ठरू शकतो.

संसर्गाची वाट दुहेरी असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुलाला झालेला रुबेला अगदी सौम्य असतो. परंतु गर्भवती सेविकेला पहिल्या तीन महिन्यांत त्याची बाधा झाल्यास तिच्या गर्भाला अंधत्व, बहिरेपणा व हृदयविकार यांचा धोका असतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये नवजात अर्भकांच्या मोतीबिंदूचा या रोगाशी असलेला संबंध प्रथम दाखवून दिला. ‘अ’ प्रकारच्या यकृतदाहातही लहान मुलाला बहुधा कावीळ दिसत नाही. त्याचे मळलेले लंगोट बदलणारी प्रौढ व्यक्ती मात्र या रोगाने अंथरुणाला खिळू शकते. सेविकेची लस ही अशा प्रकारे तिचेही रक्षण करते.

काही ठिकाणी या विचाराला कायद्याचे रूप मिळाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १ सप्टेंबर २०१६ पासून शिशुगृहांतील कर्मचाऱ्यांना गोवर, डांग्या खोकला व इन्फ्लुएंझा यांच्या लशी आवश्यक करण्यात आल्या. इन्फ्लुएंझाची लस मात्र लेखी नकार देऊन टाळता येते. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका इतरांच्या मुलांना लसीकरणासाठी गोळा करीत आल्या आहेत. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडविरोधी लसीकरण सुरू झाले तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर त्यांचाही पहिल्या गटात समावेश झाला. बालसेविकेचे लसीकरण हा सार्वजनिक आरोग्याचा भाग आहे, हे त्यातून मान्य झाले.

हे काम योग्य रीतीने व्हावयाचे तर काही पथ्ये पाळावी लागतील. सेविका कामावर रुजू होतानाच तिच्या लसीकरणाची नोंद पाहावी. गोवर-रुबेलाची लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असल्याने ती गर्भवती स्त्रीस देऊ नये. ती आधीच दिलेली असावी. हात धुणे व खोली हवेशीर राखणे लशीमुळे अनावश्यक होत नाही. आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्त्रीवर लशीच्या खर्चाचा भार टाकू नये. ज्या लशीचा लाभ साऱ्या मुलांना होतो, तिचा खर्च समाजाने उचलणे हेच न्याय्य होय.