सांध्यावर उभी भिंत

घरबांधणीतल्या तयार पॅनलवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या पॅनलचे डोंगरउतारावरचे बंगले असतात. मी मुंबईतल्या शीव कोळीवाड्यात गेले. इथे विटांचा ट्रक मोठ्या रस्त्यावरच रिकामा होतो आणि पुढे रेती, सिमेंट, विटा सगळं घमेल्यांनी आत न्यावं लागतं. हलक्या भिंतीची परीक्षा व्हायची तर ती अशाच गल्लीत, असं मला वाटलं.

एका जुन्या घराच्या माळ्याचं काम चालू होतं. खालच्या भिंती ओल धरलेल्या. वर लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून उभा केलेला, आणि त्यात मिस्त्री व त्यांचा मदतनीस दोन फूट रुंदीचे करडे फळे बसवत होते. फळ्याच्या दोन्ही अंगांना फायबर सिमेंटचा पातळ बोर्ड, मध्ये सिमेंट, फ्लायअ‍ॅश आणि थर्माकोलचे मणी यांचा गाभा. कापलेल्या कडेवर ते पांढरे मणी स्पष्ट दिसतात. घरच्या मावशी मासळी विकतात. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बर्फ थर्माकोलच्या खोक्यात का टिकतो हे त्या रोज बघतात. ही भिंत म्हणजे सिमेंटचं कवच घातलेलं तेच खोकं.

वजनाचा हिशोब तर फारच बोलका आहे. साडेचार इंची विटेची भिंत, प्लास्टर न धरता, चौरस मीटरला २०० किलोच्या वर भरते. ७५ मिलिमीटरचं पॅनल तिच्या एक तृतीयांशाच्या आतच येतं. पाया किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नसलेल्या घरावर हा फरक जिवाचा ठरू शकतो.

अशा तयार पॅनलच्या कल्पनेचा जन्म १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वनोत्पादन प्रयोगशाळेत झाला. पुढे १९५२ मध्ये, वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचे शिष्य असलेल्या अल्डेन डाऊ यांनी फोमचा गाभा असलेल्या पॅनलची घरं बांधली. तिथे लाकडी तक्त्यांमधला फोम आणि तक्ते मिळून घराचा भार स्वतः पेलतात. आपल्याकडे तसं नाही. इंदूरला कनाडिया भागात केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात सँडविच पॅनलची १,०२४ घरं बांधायला घेतली. पायाभरणी १ जानेवारी २०२१ ची. तिथेही भार पोलादी सांगाड्यावरच आहे आणि पॅनल फक्त भिंतीचं काम करतं. वाळवी आणि पावसाच्या देशात मला हेच शहाणपणाचं वाटतं.

शीव कोळीवाड्याशी या विषयाचं एक जुनं नातंही आहे. फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेली कुटुंबं इथे वसली आणि १९५० च्या दशकात त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. निर्वासितांना झटपट घरं मिळावीत म्हणून त्याच काळात दिल्लीत सरकारने घरांचा कारखाना काढला होता. त्यामागे होते ऑटो कोनिग्सबर्गर, १९४८ पासूनचे देशाचे गृहनिर्माण संचालक. हलक्या फोम काँक्रीटची पॅनल कारखान्यात ओतायची आणि जागेवर जोडायची, असा बेत होता. पॅनलना तडे गेले, योजना फसली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून गेले. त्या कारखान्याचं पुढे हिंदुस्थान प्रीफॅब झालं.

मिस्त्रींच्या हाताकडे बघताना ती गोष्ट मनातून जाईना. एका पॅनलच्या कडेला खाच, दुसऱ्याच्या कडेला जीभ. मिस्त्री आधी खाचेतली धूळ ब्रशने झाडतात, ओला फडका फिरवतात, मग चिकटमसाला भरतात. पॅनलखाली पहार घालून ते किंचित उचलायचं, शेजारच्याला दाबायचं, ओळंबा बघायचा आणि पाचर ठोकायची. दाबताना सांध्यातून मसाल्याची बारीक रेघ बाहेर येते. ती वरपासून खालपर्यंत सलग आली नाही तर ते पॅनल परत काढतात. माझ्यासमोर त्यांनी एक काढलं. “मसाला बाहेर आला नाही, म्हणजे आत पोकळ,” एवढंच म्हणाले. वरून जाळीची पट्टी लावली की सांधा झाकला जातो, आणि पोकळ सांधा नि भरलेला सांधा सारखेच दिसू लागतात. या माणसाचा मला मनापासून आदर वाटला.

मला भीती आहे ती याच झाकल्या सांध्याची. अलास्कातल्या जुनो या पावसाळी शहरात २००१ च्या सुमाराला छपरांची लाकडी पॅनल कुजलेली सापडली. घरातली दमट हवा सांध्यांतून वर चढली आणि थंड थराला लागून तिचं पाणी झालं. मुंबईत ओल उलट्या बाजूने येईल: बाहेर जुलैची हवा, आत एसी. सिमेंटचा बोर्ड लाकडासारखा कुजत नाही, पण सांध्याला केसाएवढा तडा गेला की पाणी आत शिरतं आणि लोखंडी सांगाडा गंजू लागतो. खाऱ्या हवेत गंजाला फार वेळ लागत नाही.

दुसरी भीती आगीची. स्वस्त आणि आणखी हलकं म्हणून पफ पॅनलही वस्त्यांत शिरू लागलं आहे: दोन पातळ पत्रे आणि मध्ये सलग फोम. शीतगृहासाठी ते उत्तम. दक्षिण कोरियात इचॉन इथे मात्र गोदामाच्या बांधकामात असाच फोम पेटून २००८ मध्ये ४० आणि २०२० मध्ये ३८ जण गेले. सिमेंटात रुतलेल्या मण्यांची गोष्ट वेगळी आहे, ते ज्योतीला थेट सापडत नाहीत. पण गिऱ्हाइकाला दोन्ही ‘पॅनल’ म्हणूनच विकली जातात, आणि अग्निशमनाची गाडी या गल्ल्यांत येत नाही.

बाकीच्या अडचणी रोजच्या आहेत. मावशींना देव्हारा टांगायचा होता. साधा खिळा या गाभ्यात धरत नाही, पसरणारा अँकर लागतो, आणि जड मांडणी तर सांगाड्यालाच बोल्ट करावी लागते. मिस्त्री कटरने पॅनल कापत होते तेव्हा नाकातोंडाला काही नव्हतं. सिमेंट-फ्लायअ‍ॅशची ती बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते. आणि छप्पर? ते साध्या पत्र्याचंच राहणार होतं. दुपारची खरी आग वरून येते. भिंतीला उष्णतारोधक करून डोक्यावर उघडा पत्रा ठेवला तर निम्मे पैसे वाया गेले.

तरीही जुन्या घरावर माळा चढवायचा असेल तर विटेपेक्षा सिमेंटच्या गाभ्याचं पॅनल बरं, असंच माझं मत झालं आहे. मात्र आधी खालच्या भिंती आणि लोखंडी सांगाडा इंजिनिअरकडून तपासून घ्या, दुकानदाराकडे आगीच्या चाचणीचा दाखला मागा, मिस्त्रींना मास्क द्या. आणि जाळीची पट्टी लागण्याआधी स्वतः माळ्यावर चढून प्रत्येक सांध्यातून मसाला बाहेर आलाय का, ते बघा.