आजीचं माहेर कोतवाल पंजीत शोधा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींनो, आजीच्या माहेरचा माग काढायचाय? तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची नक्कल मागा. इंग्रजांच्या काळात गावचे जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवायचा. मुलीचं नाव त्यात बरेचदा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि नुसतं ‘मुलगी’. वाचताना जीव तुटतो. म्हणून आजीच्या वडिलांचं नाव नि गाव आधी पक्कं करा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा चांदा’ म्हणजे चंद्रपूरचंच जुनं नाव दिसेल.

ही नुसती हौस नाही! वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही तिथे पुरावा म्हणून चालतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा.