खादीची किंमत कोण मोजतो?

निवडणुकांचे वारे वाहू लागले की गावोगावी परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांचा सुकाळ होतो. कडक खळ घातलेला सदरा, तसाच पायजमा आणि वर जाकीट एवढे अंगावर चढले की कालचा कंत्राटदार आज लोकसेवक ठरतो. हा वेष आता सर्वांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ काय, असे कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो विचारला पाहिजे. पुढाऱ्याचा पोशाख ही त्याने लोकांना दिलेली एक हमी असते. आणि कोणत्याही हमीचे मोल ती देणाऱ्याला किती पदरमोड करावी लागली यावरच ठरते.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे महात्मा गांधींनी सदरा आणि टोपी सोडून पंचा धारण केला. परदेशी कापडावरील बहिष्काराचा तो काळ होता. जुने कापड टाकून महाग खादी विकत घेणे गरिबांना परवडणारे नव्हते. ज्याला जेवढी खादी परवडेल तेवढीच त्याने नेसावी, हा गांधींचा तोडगा होता आणि त्याचा आरंभ त्यांनी स्वतःपासून केला. अनुयायांकडूनही त्यांची अशीच अपेक्षा होती. त्यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९२४ मध्ये भरलेल्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट घातली. तथापि ते सूत दुसऱ्याने कातलेले असले तरी चालेल, अशी सवलतही त्याच ठरावात होती. पुढच्याच वर्षी वर्गणीचा पर्याय आला. श्रमाची जागा पैशाने घेण्यास बारा महिनेही लागले नाहीत!

पुढे १९३५ साली चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण गांधींच्या आग्रहाने स्वीकारले. त्यामुळे खादी महागणार आणि तिचा खप घटण्याचा संभव आहे, हे उघड होते. तरीही ग्राहकाच्या सोयीपेक्षा कातणाऱ्या स्त्रीची भाकरी महत्त्वाची मानली गेली. खादीच्या अर्थशास्त्राचे सार एवढेच की, वापरणाऱ्याने थोडे अधिक मोजावे आणि ते राबणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावे.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सुटाचा विचार अपरिहार्य ठरतो. गांधींनी कपडे उतरविले, आंबेडकरांनी ते सन्मानाने चढविले. म्हणून एक साधा आणि दुसरा शौकीन, असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. परंतु ज्याच्यापाशी वस्त्र आहे त्यालाच त्याचा त्याग करता येतो. ज्या समाजाला चांगले कपडे आणि दागिने वापरण्याचीही अनेक ठिकाणी बंदी होती, त्याने त्याग कशाचा करावा? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी अस्पृश्य स्त्रियांना सवर्ण स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्यास सांगितले, ते याच जाणिवेने. तसे नेसणे म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणे होते. पंचा आणि सूट परस्परविरोधी दिसले, तरी दोन्हींची किंमत वापरणाऱ्यांनी स्वतः मोजली होती.

आजच्या पांढऱ्या वेषाची किंमत मात्र दुसरेच मोजतात. धुळीच्या रस्त्यावर दिवसभर दौरा करूनही ज्याचा सदरा मळत नाही, त्याच्यापाशी बदलण्यास अनेक जोड आणि धुण्यास इतरांचे हात असतात. मूळ वेष श्रमाशी नाते सांगणारा होता. आजचा डागरहित शुभ्रपणा श्रमापासूनचे अंतर सांगतो. त्यात त्या कापडात पुष्कळदा खादीचा धागाही नसतो.

अर्थात पुढाऱ्यांनी काय नेसावे याचे नियम करण्यात हशील नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्या मालमत्तेचे शपथपत्र सादर करावे लागते. साधेपणाची खरी परीक्षा तेथे होऊ शकते. मतदाराने सदऱ्याच्या इस्त्रीकडे पाहण्याऐवजी तो कागद वाचावा आणि दोन निवडणुकांमधील आकडे शेजारी शेजारी मांडावेत. कापडाला घातलेली खळ पहिल्या पावसात उतरते. ती उतरेपर्यंत पाच वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही.