मानेतली गाठ: दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका

दाढी करताना, मंगळसूत्र घालताना किंवा मुलीची वेणी घालताना बोटांना कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी लागतं. मग कोणी हळद-चुन्याचा लेप सुचवतं, कोणी बिब्बा घालायला सांगतं, तर कोणी थेट कॅन्सरचं नाव घेतं. या सल्ल्यांमध्ये तपासणी मात्र राहून जाते.

गैरसमज: मानेत गाठ म्हणजे कॅन्सरच.
वस्तुस्थिती: मानेत सुमारे ३०० लसिका ग्रंथी असतात. घसा, दात, कान किंवा टाळूला संसर्ग झाला की त्या सुजतात. डोक्यात उवा होऊन खाजवल्याच्या जखमा झाल्या, तरी मुलांच्या मानेमागे गाठी येतात. अशा बहुतेक गाठी दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतात.

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे साधी असेल.
वस्तुस्थिती: दुखरी गाठ बहुधा ताज्या संसर्गाची असते. टीबीच्या आणि कॅन्सरच्या गाठी मात्र सुरुवातीला सहसा दुखत नाहीत. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडीची सवय असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत टणक गाठ आली, तर तोंड आणि घसा लगेच तपासून घ्यावा. मूळचा व्रण जिभेच्या मुळाशी लपलेला असतो आणि गाठच आधी हाताला लागते, असंही होतं.

गैरसमज: गंडमाळा झाली, आता ताट-वाटी वेगळी करा.
वस्तुस्थिती: गंडमाळा म्हणजे बहुतेक वेळा लसिका ग्रंथींचा टीबी. फुप्फुसात टीबी नसेल, तर तो दुसऱ्याला लागत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे काढतात. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात आणि उपचार साधारण सहा महिने चालतात. औषध चालू असतानाही काहींची गाठ काही काळ वाढते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

गैरसमज: सुई टोचली की गाठ चिघळते.
वस्तुस्थिती: गाठीतल्या पेशी तपासण्यासाठी वापरतात ती सुई रक्त काढायच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक असते. काही मिनिटांत पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईमुळे कॅन्सर पसरण्याची भीती नगण्य आहे. खरं नुकसान बिब्ब्याने, डाग दिल्याने आणि गाठ फोडल्याने होतं. टीबीची गाठ अशी फोडली तर जखम महिनोन्महिने वाहत राहू शकते.

गैरसमज: गळ्याची सूज आयोडीनच्या मिठाने जाते.
वस्तुस्थिती: आरशासमोर हनुवटी वर करून पाण्याचा घोट घ्या. गळ्यासमोरची सूज घोटाबरोबर वर सरकली, तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त. आयोडीनची कमतरता हे अशा सुजेचं, म्हणजे गलगंडाचं, एक कारण. देशात १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यासाठीच सुरू झाला. पण आयोडीनच्या मिठाने गलगंड टाळता येतो, जुनी गाठ विरघळत नाही. तिच्यासाठी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लागते.

गाठ तीन आठवड्यांनीही तशीच असेल, वाढत असेल, टणक असेल किंवा सोबत ताप, वजन घटणं, आवाज बसणं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लेप लावून वाट पाहण्यात गेलेला महिना आजाराला मिळतो, तुम्हाला नाही.