वीजबिल एकाचे, भिंती दुसऱ्याच्या

मोशी येथील कचरा डेपोच्या जागेवर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने उभारलेल्या वीजनिर्मिती प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प १४ मेगावॉट क्षमतेचा असून वर्षाकाठी अडीच लाख टन कचरा त्यात वापरला जावा अशी योजना आहे. ज्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांनी या परिसराला वर्षानुवर्षे त्रास दिला, त्यांतूनच वीज निघावी ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि याच मोशीतून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्याच्या दुतर्फा पाहिले, तर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते. खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर एखादी पतसंस्था किंवा दवाखाना, त्यावर शिकवणीचे वर्ग, आणि सर्वांत वर तापलेल्या स्लॅबखाली एखादे छोटे कार्यालय, अशी ही व्यापारी संकुले आहेत. मागच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्रांचे डबे टांगलेले, पश्चिमेकडच्या काचांवर उन्हासाठी चिकटवलेले कागद, आणि भरदुपारी आत जळणारे दिवे, हे दृश्य तेथे नवे नाही. कचरा जाळून मोठ्या कष्टाने मिळविलेली वीज अशाच इमारतींत कशी खर्च होते, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

मोशी हे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेले गाव. एका बाजूस भोसरीची आणि दुसऱ्या बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत असल्याने येथे बांधकाम झपाट्याने वाढले. इमारत बांधताना चटई क्षेत्र किती मिळते याचा विचार झाला. तिच्या आतली हवा पुढची चाळीस वर्षे कोण व कशी थंड करणार, याचा विचार सहसा झाला नाही. नव्या इमारतींपुरता हा दोष दूर करण्याचे प्रयत्न देशात झाले आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याची कक्षा वाढली. परंतु संहितेचा रोख प्रामुख्याने शंभर किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभाराच्या नव्या बांधकामावर आहे. आधीच उभी असलेली लहानसहान संकुले तिच्या कक्षेबाहेरच राहतात. आणि शहरातील बहुसंख्य लोक दिवसभर काम करतात ते अशाच इमारतींत.

हिशेब काय सांगतो?

उभी इमारत न पाडता तिचा विजेचा खप कमी करणे, ज्याला अभियंते ‘रेट्रोफिटिंग’ म्हणतात, हे काही गूढ शास्त्र नव्हे. उदाहरणादाखल ४० ट्यूब आणि ३० पंखे असलेले एक कार्यालय घेऊ. ते रोज आठ तास व वर्षातून ३०० दिवस चालते असे धरू. जुनी ट्यूब तिच्या चोकसह सुमारे ५२ वॉट घेते. तिच्या जागी येणारी एलईडी नळी २० वॉटमध्ये भागवते. म्हणजे वर्षाला ३०७२ युनिटांची बचत झाली. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटचा. येथे बचत ३२४० युनिटांची. युनिटचा दर सर्व आकार धरून दहा रुपये मानला, तर दोन्ही मिळून वर्षाला ६३ हजार रुपये वाचतात. नळ्यांना प्रत्येकी २५० व पंख्यांना प्रत्येकी ३००० रुपये धरले, तर एकूण खर्च एक लाखाचा. अर्थात सुमारे एकोणीस महिन्यांत तो भरून निघतो, आणि त्यानंतरची बचत निव्वळ राहते. बँकेतील कोणतीही मुदत ठेव असा परतावा देत नाही.

शिवाय मीटरपाशी वाचलेले एक युनिट वीजकेंद्रातील एका युनिटाहून अधिक मोलाचे असते, कारण वाटेत तारांमध्ये होणारी गळती त्याला सोसावी लागत नाही. काही उपायांना तर पैसाही लागत नाही. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातून निघतानाच २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम झाला.

मग प्रश्न असा, की ज्यात नुकसान कोणाचेच नाही अशी ही गोष्ट आपोआप का घडत नाही? माणसे हिशेबी नाहीत म्हणून, हे उत्तर सोपे असले तरी खरे नव्हे. मोशीतला दुकानदार पैशापैशाचा हिशेब ठेवतो. खरी मेख अन्यत्र आहे.

गाळा कोणाचा, बिल कोणाचे?

व्यापारी संकुलातील पुष्कळसे गाळे भाड्याने दिलेले असतात. वीजबिल भाडेकरू भरतो. भिंती, छत आणि खिडक्या मालकाच्या असतात. मालकाने छतावर उष्णतारोधक थर दिला, तर खर्च त्याचा आणि बचत भाडेकरूची. भाडेकरूने तो द्यावा, तर अकरा महिन्यांच्या करारानंतर तो थर काही त्याला काढून नेता येणार नाही. वर दिलेल्या उदाहरणातील नळ्यांचा खर्च चार महिन्यांत वसूल होतो, म्हणून त्या सर्वत्र बसल्या. एकट्या पंख्यांचा खर्च वसूल व्हायला तेहतीस महिने लागतात, म्हणून ते बसले नाहीत. यात मूर्खपणा कोणाचाच नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात, आणि त्या दोन शहाणपणांच्या बेरजेतून उधळपट्टी निघते. अर्थशास्त्रात याला प्रोत्साहनाची फाटाफूट म्हणता येईल. व्यवहारात त्याचे नाव आहे, वरच्या मजल्यावर एप्रिलच्या दुपारी घामाघूम होऊन नोंदी लिहिणारा कारकून.

सरकारी कचेऱ्यांत मालक आणि वापरणारा एकच असतो, तेथे तरी हा पेच नसावा असे वाटेल. वस्तुतः तेथे तो लेखाशीर्षांच्या रूपाने उभा राहतो. पंखे खरेदी करायचे ते एका शीर्षाखाली, वीजबिल भरायचे ते दुसऱ्या. ज्या अधिकाऱ्याने बचत केली, त्याच्या कार्यालयाला तिचा लाभ मिळण्याऐवजी पुढील वर्षी त्याची तरतूदच कमी होण्याची भीती असते. त्यातच निविदेत सर्वांत स्वस्त वस्तूला पसंती देण्याची रीत. स्वस्त पंखा आयुष्यभर अधिक वीज खातो ही बाब तुलनात्मक तक्त्यात कोठेच येत नाही. यावर तोडगा म्हणून केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या एनर्जी एफिशिअन्सी सर्व्हिसेस या कंपनीने वेगळी पद्धत अंगीकारली. आधी खर्च कंपनीने करायचा आणि तो बचतीतून हप्त्याहप्त्याने वसूल करायचा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही या कंपनीशी शासकीय इमारतींतील दिवे-पंखे बदलण्यासाठी करार केला. दिशा योग्य होती. परंतु दिवे व पंखे बदलणे ही या कामाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

क्रमाचे महत्त्व

पुढच्या पायऱ्यांचे उदाहरण मुंबईत आहे. फोर्ट विभागातील गोदरेज भवन ही १९७२ मध्ये बांधलेली इमारत. २०१० मध्ये तिची वातानुकूलन व प्रकाशव्यवस्था बदलण्यात आली. सुमारे ५४ लाख रुपये खर्च आला, विजेचा खप अकरा-बारा टक्क्यांनी घटला, आणि खर्चाची वसुली पाच वर्षांच्या आत होईल असा हिशेब निघाला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की इमारत ज्या उद्योगसमूहाची, कचेऱ्याही त्याच्याच. बिल भरणारा आणि भिंतींचा मालक एक असल्यावर पाच वर्षे थांबण्याची तयारी दाखविता येते.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण क्रमाचा धडा देते. १९३१ मधील या इमारतीच्या ६५१४ खिडक्यांच्या काचा फेकून न देता इमारतीतच एक कार्यशाळा थाटून त्या नव्याने सिद्ध करण्यात आल्या. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट होते. आत येणारी उष्णता आधी रोखल्यामुळे वातानुकूलनाची मोठी यंत्रे नव्याने घेण्याचे टळले. जुन्यांची दुरुस्ती पुरली. आपल्याकडे बहुधा नेमके उलटे होते. स्लॅब तापतो म्हणून मोठे यंत्र घ्यायचे, बिल वाढते म्हणून छतावर सौर पॅनेल बसवायचे. पॅनेल अवश्य बसवावीत. परंतु खप आधी कमी केला तर ती थोडी लागतात. वास्तविक गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी आणि खिडकीवर रुंद छज्जा, हे जुन्या गवंड्यांचे ज्ञान होते. त्याला परकीय तज्ज्ञांची आवश्यकता नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने कोळशासंबंधी १८६५ मध्येच दाखवून दिले होते. पंखा स्वस्तात फिरू लागला की तो अधिक वेळ फिरेल, हे खरे. परंतु जो कारकून आजवर बिलाच्या धास्तीने पंखा बंद ठेवत होता, त्याने तो सुरू केला तर ती उधळपट्टी नव्हे. बचतीचा काही भाग सुखात गेला आणि उरलेला खिशात राहिला, तर त्यात गैर ते काय?

काय करता येईल?

म्हणून उपाय यंत्रांपेक्षा व्यवहारात शोधले पाहिजेत. पहिला उपाय भाडेकराराचा. मालकाने सुधारणेचा खर्च करावा, आणि सिद्ध झालेल्या बचतीतील ठरावीक हिस्सा भाडेकरूने भाड्यासोबत द्यावा, असे एक साधे कलम करारात घालता येते. मराठी नमुना करार महापालिकेने छापून दिला, तर दोघांनाही वकिलाकडे धावावे लागणार नाही. दुसरा उपाय कराचा. पिंपरी-चिंचवड महापालिका ‘ग्रीहा’ मानांकनाच्या इमारतींना मालमत्ता करात तारांकनानुसार सवलत देत आली आहे. तोच न्याय लहान संकुलांना लावावा. मानांकनाचा खटाटोप न करता, तीन वर्षांची बिले दाखवून प्रति चौरस फूट खप घटल्याचे सिद्ध करणाऱ्यास सवलत मिळावी. तिसरा उपाय सरकारी खरेदीचा. पंख्याच्या किमतीत त्याचे दहा वर्षांचे वीजबिल मिळवून मगच निविदांची तुलना व्हावी, आणि बचतीचा निम्मा वाटा त्याच कार्यालयाच्या सोयींसाठी राहावा. चौथा उपाय सर्वांत स्वस्त. महापालिकेने आपल्या प्रत्येक कार्यालयाच्या व शाळेच्या दारात मागील वर्षाचा आणि चालू वर्षाचा विजेचा खप फलकावर लिहावा. शाळेतील मुलांना तर तो गणिताचा चांगला धडा होईल.

महाराष्ट्राने विजेच्या टंचाईवर महागडे उपाय पाहिले आहेत. दाभोळच्या वीजप्रकल्पाचा कटू अनुभव आणि त्यानंतरच्या भारनियमनाची वर्षे लोक विसरलेले नाहीत. त्या काळात खेड्यातील शेतकरी अंधारात बसला होता आणि शहरांतील उजेडाला फारशी झळ लागत नव्हती. आज परिस्थिती बदलली असली, तरी उन्हाळ्यातील दुपारची मागणी दरवर्षी नव्या उच्चांकाकडे धावते, आणि त्या मागणीचा मोठा वाटा तापलेल्या छतांखाली चालणाऱ्या यंत्रांचा असतो. मोशीतील प्रकल्पाने कचऱ्याची वीज केली, हे योग्यच झाले. आता त्याच रस्त्यावरच्या जुन्या इमारतींत विजेचा कचरा होऊ नये, एवढे काम उरले आहे. त्यासाठी कोनशिला बसविण्याची गरज नाही. मालक आणि भाडेकरू यांनी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून एकदा एकत्र बसणे पुरे आहे.