एनटीसीपी : पित्ताम्लांचे दार, विषाणूंचीही वाट

चरबी पचवण्याचे काम संपल्यावर आतड्यातली सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले रक्तावाटे यकृताकडे परततात. तिथे त्यांना रक्तातून उचलून पेशीत घेण्याचे मुख्य काम एनटीसीपी या प्रथिनाचे. ३४९ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या रक्ताकडील पटलातून नऊ वेळा आरपार जाते. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत कमी; त्या उताराच्या जोरावर दोन सोडियम आयनांबरोबर एक पित्ताम्ल आत ओढले जाते. एनटीसीपी स्वतः एटीपी (पेशीचे इंधन) खर्च करत नाही. (सोडियम पुन्हा बाहेर काढणारा पंप मात्र तो करतो!) पुढे पित्ताम्ल पित्तात सोडणारे प्रथिन वेगळे, बीएसईपी.

२०२२ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या प्रथिनाची रचना दिसली. त्याचे दोन भाग एकमेकांपासून सरकले की मधून आरपार बोगदा उघडतो. वाहक प्रथिने सहसा एका वेळी एकच बाजू उघडतात, म्हणून हे विलक्षणच.

त्याआधी, २०१२ मध्ये, बीजिंगमधल्या वेन्हुई ली यांच्या गटाने दाखवून दिले होते की हिपॅटायटिस बी आणि डी हे विषाणू यकृतपेशीत शिरताना याच प्रथिनाला चिकटतात. विषाणूच्या आवरणाच्या तुकड्यावरून बेतलेले बुलेव्हिर्टाइड हे औषध ही जागा आधीच अडवते. हिपॅटायटिस डीसाठी युरोपात २०२० मध्ये त्याला सशर्त मान्यता मिळाली. औषधाने रक्तातली पित्ताम्ले वाढतात, पण त्याचा त्रास बहुतेकांना जाणवत नाही. थोडीफार वाहतूक इतर वाहक प्रथिनेही सांभाळतात.